साठ फूट सहा इंच

आमच्या हिच्या मामांइतका वेळ उकिडवा बसलेला माणूस आयर्लंडच्या भूमीवर आजवर दुसरा झाला नसावा. हा देश मुळात उभ्यानं जगणाऱ्यांचा. इथली माणसं बसस्टॉपवर उभी राहतात, पबच्या दारात ग्लास धरून तासन्‌तास उभी राहतात, भुरभुर पावसात कुंपणापाशी उभ्या-उभ्या गप्पा मारतात आणि अगदीच थकली तर भिंतीला टेकतात. मामा मात्र कुठंही, कसलीही पूर्वसूचना न देता खाली बसत. टाचा जमिनीवर, कोपरं मांड्यांवर, नजर समोर. या आसनात ते पेपर वाचत, मेथी निवडत, भाचीशी वाद घालत आणि मला दाट संशय आहे की अधूनमधून डुलकीही काढत. लॉकडाउनच्या सुरुवातीला आमच्या गावच्या, म्हणजे डब्लिनजवळच्या मेनूथच्या सुपरमार्केटबाहेर आम्ही सगळे जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या गोलांवर एकेक करून उभे असायचो. मामांनी आपल्या गोलावर बैठक मारली. पुढची एक आजी घाबरून म्हणाली, "आर यू ऑलराइट, लव्ह?" मामा नुकतंच शिकलेलं उत्तर देऊन मोकळे झाले, "ग्रँड!" तरी दुकानातल्या सिक्युरिटीवाल्याला राहवेना. त्यानं आतून खुर्ची आणून दिली. मामांनी हात जोडून त्याचे आभार मानले, खुर्चीवर बटाट्यांची पिशवी ठेवली आणि स्वतः शेजारी पुन्हा खाली बसले.

मामा अमरावतीच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं बेसबॉलचे कोच होते. त्याआधी ते खेळाडू होते, कॅचर. लग्न केलं नाही. 'पोट्टे होते नं माह्ये, दर वर्षी नवे अठरा,' असं त्याचं कारण सांगत. साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि २०२० च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मार्चात विमानं थांबली, आयरिश सरकार व्हिसाची मुदत आपणहून वाढवत राहिलं आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. भारतातून येणारे पाहुणे केबिन बॅगेत दागिने नाहीतर औषधं ठेवतात. मामांच्या बॅगेत पंच्यात गुंडाळलेला कॅचरचा ग्लोव्ह होता. जाड, गोल, तपकिरी चामड्याचा, पुरणपोळीएवढा. चामडं थंडीनं आखडू नये म्हणून आल्या दिवशीच त्यांनी घरातली सगळ्यात उबदार जागा शोधून काढली. ती जागा म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतालचं कपाट. इथं त्याला हॉट प्रेस म्हणतात आणि त्यात टॉवेल, चादरी ठेवतात. ग्लोव्हला दर शनिवारी खोबरेल तेल लागायचं, त्यामुळे दीड वर्ष आमच्या सगळ्या टॉवेलांना खोबरेलाचा वास होता. आमची नऊ वर्षांची ईरा शाळेत निघताना स्वेटर हुंगून म्हणायची, "आय स्मेल लाइक मामाआजोबा." ते ऐकून ही आणि मी एकमेकांकडे बघायचो, कारण वास आम्हालाही यायचा.

मामा कॅचर कसे झाले याची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती. अमरावतीत तेव्हा बेसबॉल कोणी पाहिलाही नव्हता. कॉलेजात सामानाची एक पेटी आली, जिमखान्याच्या शिपायानं ती हॉकीच्या कपाटात लावून टाकली आणि सरांनी नियमांचं पुस्तक हातात धरून, एक परिच्छेद वाचून, एक बॉल टाकून असा खेळ सुरू केला. "मी सायकल पंक्चर म्हणून उशिरा पोचलो," मामा सांगत. "आठ जागा गेल्या होत्या. नववी कोणालेच नको होती. फेकणाऱ्यासमोर बसायचं, बॅटवाल्याच्या मागं. बॉल चुकला तर थोबाडावर." तोंडावरची जाळी एका वेल्डिंगवाल्यानं सायकलच्या तारा वाकवून केली होती आणि छातीचं पॅड म्हणजे पिंजाऱ्याकडून शिवून आणलेली चपटी गादी. त्या गादीत पहिल्या वर्षी सरकी राहून गेली होती, ती टोचायची. एवढ्या भांडवलावर मामा विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले. उजव्या हाताची बोटं मात्र वाटेत ठिकठिकाणी मोडत गेली. तो हात ते पाहुण्यांना प्रवासवर्णन सांगावं तसा दाखवत. "ही करंगळी मूर्तिजापूरची. हे मधलं बोट भंडाऱ्याचं, पावसात मोडलं. हा अंगठा मात्र घरचा, दारात चेमटला." ईराला बोटं गावांच्या नावांसकट पाठ झाली. तिच्या शाळेत भारताचा नकाशा काढायला सांगितला, तेव्हा तिनं दिल्लीच्या आधी मूर्तिजापूर काढलं.

कॅचरची एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती. मैदानात आपले नऊ जण असतात. त्यातले आठ जण एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, आणि ती दिशा म्हणजे कॅचर. सगळं मैदान एकट्या त्यालाच समोरून दिसतं. मामांच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की ते घरातही कुणाला पाठीशी येऊ देत नसत. स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून बसत, म्हणजे ओटा, जेवणाचं टेबल, मागचं दार आणि जिन्याच्या दोन पायऱ्या हे सगळं एका नजरेत येई. अर्थात दूध काढायचं तर आधी मामांना उठवावं लागे. ते कुरकुर न करता दोन पावलं सरकत आणि दूध घेणाऱ्याला घरातल्या परिस्थितीची खबर देत. हिला ते बाई म्हणत. "ईराचं गणित अडून राहिलं आहे, तिच्याशी सांभाळून बोला. बाईचा मूड सकाळपासून बरा आहे. तुम्हीच तेवढे आंबले दिसता, जावईबापू."

आणि त्यांची फ्रेमिंग! हा त्यांच्या धंद्यातला शब्द. बॉल थोडा बाहेरून आला, तर कॅचरनं तो झेलता-झेलता हात हळूच असा आत आणायचा आणि असा स्थिर धरायचा की पंचाला वाटावं, बरोबर मधोमध आलाय. "यात खोटं काही नाही बाप्पा," मामा म्हणत, "आपल्या माणसानं फेकला, तर तो नीटच फेकला असं समजून झेलायचा." ते आमच्या बोलण्याचंही हेच करत. एकदा जेवताना मी घुश्शात म्हणालो, "आज वरणात मीठच नाहीये." हिच्या कपाळावर आठी उमटायच्या आत मामा म्हणाले, "जावईबापू म्हणून राहिले की तूप-लिंबाची चव आज बरोबर समजते." मीठ आपोआप टेबलावर आलं. त्या वर्षी घराघरांत माणसं कोंडली गेली होती, आमच्याही घरात कुणी ना कुणी रोज काहीतरी वेडंवाकडं फेकायचं. आमचा संसार त्यातून धड बाहेर आला, यात मामांच्या त्या हाताचा मोठा वाटा आहे, हे मी इथं लिहून ठेवतो. त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

निवृत्त झाले तरी कोचिंग सुटलं नव्हतं. त्यांची पोरंपोरी गावोगावी घरात अडकून पडली होती आणि मामा दुपारी बारा वाजता, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर त्यांची प्रॅक्टिस घेत. गच्चीवर उभी केलेली गादी हे लक्ष्य आणि मोजे गुंडाळून केलेला बॉल. दर्यापूरच्या एका मुलीनं अस्सल बॉलचा हट्ट धरला आणि पहिल्याच फेकीत वडिलांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडलं. मामा हळहळले ते टाकीसाठी नाही. "चार इंच डावीकडे गेला," म्हणाले. मी शेजारच्या खोलीत ऑफिसची मीटिंग करत असायचो. एकदा माझा माइक चालू राहिला आणि डब्लिन, क्राकोव्ह, बंगळूर अशा तीन ठिकाणच्या माणसांना एकदम आवाज गेला, "खाली बस! अजून खाली! घाबरतं काऊन?" त्यानंतर माझा आयरिश मॅनेजर दर सोमवारी आधी विचारायचा, "अँड हाऊज युअर मॅन?" आणि मग प्रोजेक्टचं.

संध्याकाळी मी आणि मामा कालव्याच्या कडेनं फिरायला जायचो. आधी घरापासून दोन किलोमीटरची परवानगी होती, मग पाच झाली. दोन किलोमीटर संपायचे तिथं एक जुना दगडी पूल होता. त्याच्याखाली पाणी हलतंय की नाही ते कळायचं नाही. उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असायचा, तो मावळतोय असंही वाटायचं नाही, नुसता पातळ होत जायचा. हंस यायचे आणि आम्हाला बघून न बघितल्यासारखं करून जायचे. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकानं गवतात उतरायचं, हसायचं आणि अंतर राखून पुढं व्हायचं. मामांना या अंतराची गंमत वाटे. "दोन मीटर म्हणजे काय दूर झालं, जावईबापू? फेकणारा साठ फूट सहा इंचावर असते. जन्मभर मी तितक्या दूरच्या माणसाशी बोललो, तोंड न उघडता." मग ते तिथंच पुलाखाली बसून दाखवत. डाव्या हातात नसलेला ग्लोव्ह, उजवा हात मांड्यांच्या मधे, लपवलेला. एक बोट म्हणजे सरळ, वेगाचा. दोन बोटं म्हणजे वळणारा. फेकणाऱ्याला पटलं तर तो मान डोलावतो, नाही पटलं तर नकारार्थी हलवतो, मग कॅचरनं दुसरं काही मागायचं. "पण शेवटी मागते कोण? कॅचर. बॉल फटकावला गेला तर लोक फेकणाऱ्याले शिव्या देतात. म्हणून मी पोट्ट्यांना पहिल्या दिवशी शिकवतो, तुम्ही मागितलेला बॉल तुमच्या नावावर." एवढं बोलून ते नेहमी पाण्याकडे बघत बसत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

इथं बेसबॉल खेळतात असा त्यांचा गोड गैरसमज चांगला पंधरा दिवस टिकला होता. झालं असं की एका दुपारी कुंपणावरून एक पांढरा बॉल आमच्या परसात आला आणि तिथं भाजी निवडत बसलेल्या मामांनी तो न उठता उजव्या हातानं झेलला. चामडं, शिवण, वजन, आकार, सगळं ओळखीचं! फक्त शिवण जरा जास्तच उठावाची. त्यांनी अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाई!" ते ओरडले, "इथं आपला बॉल आहे!" ही धावत बाहेर आली, तिला वाटलं मामांना लागलं. तो बॉल आयरिश लोकांच्या हर्लिंगचा होता. चपट्या, टोकाला रुंद काठीनं तो मारतात आणि त्याला स्लिटर म्हणतात. शेजारचे डेक्लन, निवृत्त पोस्टमन, ती काठी हातात घेऊन कुंपणापाशी उभे होते. त्यांनी मामांचा झेल पाहिला होता. "फेअर प्ले टू यू," ते म्हणाले, म्हणजे आपलं शाबास. मामांना ते बेसबॉलचं निमंत्रण वाटलं. पंधरा दिवस ते डेक्लनची बॅट चपटी काऊन, यावर तळमळले. सत्य कळल्यावर एक रात्र जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या अलीकडे मामा, पलीकडे डेक्लन, असा एक तिसराच खेळ सुरू झाला. त्याचे नियम त्या दोघांना माहीत होते की नाही, देव जाणे. डेक्लन त्यांना कोच म्हणत. दोघांची भाषा एकमेकांना दहातली दोन वाक्यं कळायची, पण गप्पा तासभर चालायच्या.

दर रविवारी मामांचा एक खास फोन असे. गजू म्हणजे त्यांचा कॉलेजातला दोस्त, विद्यापीठाच्या संघातला फेकणारा, ज्याच्यासमोर मामा चार वर्षं बसले. आता धामणगावला कापडाचं दुकान होतं. फोन ठरल्यासारखा सुरू व्हायचा. मामा घसा साफ करायचे. "गजू, तुले एक सांगायचं होतं." मग शांतता. मग, "काही नाही, तिकडं थंडी कशी आहे?" पुढं अर्धा तास थंडी, कापूस आणि गुडघे. हीच सुरुवात आणि हीच माघार आम्ही सलग इतके रविवार ऐकली की हिनं छडा लावायचं ठरवलं. तिची खात्री झाली होती की मामांना साठीत कुणीतरी आवडलंय आणि ते गजूकाकांना मध्यस्थ घालणार आहेत. चहाच्या वेळी तिनं आडून आडून विचारलंही. मामा इतके लाजले की तिची खात्री आणखी पक्की झाली.

खरं काय ते मला २०२१ च्या फेब्रुवारीत कळलं. कालव्यावर धुकं होतं, पुलाखाली आम्ही दोघंच. मी आपलं सहज विचारलं, "मामा, गजूकाकांना काय सांगायचंय?" ते खाली बसले. मग पाण्याला सांगावं तसं सांगितलं. विद्यापीठाकडून खेळताना एका मोठ्या सामन्याचा शेवटचा बॅटवाला होता. तो बाद झाला की जिंकले. मामांनी एक बोट दाखवलं, सरळ. गजूनं मान हलवली, नाही. त्याला वळणारा टाकायचा होता. मामांनी पुन्हा एक बोट दाखवलं. गजूनं पुन्हा नाही म्हटलं. मामांनी तिसऱ्यांदा तेच बोट रोखून धरलं. तेव्हा गजूनं ऐकलं. बॉल मैदानाबाहेरच्या कडुनिंबांवरून गेला आणि सामनाही गेला. परतीच्या गाडीत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, सरळ टाकायचा शहाणपणा कोणाचा? गजू म्हणाला, "माझाच." मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुढच्या महिन्यात कॉलेजात खेळाच्या विभागात एक जागा निघाली. सरांनी मामांचं नाव दिलं, पोराला डोकं आहे म्हणाले. गजू दुकानात बसला.

"पस्तीस वर्षं ज्या खुर्चीवर बसलो नं जावईबापू, ती त्याची होती," मामा म्हणाले. "अन् तो दर दिवाळीले माह्या टीमले जर्सीचं कापड पाठवत राहिला. एका शब्दानं बोलला नाही." मी म्हटलं, आजच सांगून टाका. त्यांनी मान हलवली. "फोनवर नाही. समोर बसून सांगीन. गेल्या-गेल्या पहिले धामणगाव." मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. जन्मभर दुसऱ्यांच्या वाकड्या फेकी सावरणाऱ्या माणसाला आपली एक फेक सावरता येऊ नये? पण पोटातली गोष्ट बाहेर काढणं मला तरी कुठं जमतं. आम्ही परत फिरलो.

एप्रिलात तिकडं लाट आली. रोज सकाळी फोन उघडायची भीती वाटायची. एका रविवारी मामांनी फोन लावला तो गजूकाकांनी उचललाच नाही. दोन दिवसांनी कळलं, अमरावतीला हॉस्पिटलात आहेत, ऑक्सिजनवर. मामांनी प्रॅक्टिस बंद केली. फ्रिजपाशी बसणं सोडलं, जिन्याखालच्या कोपऱ्यात बसू लागले, जिथून काहीच दिसत नाही. विमानं जवळजवळ बंदच होती, आणि गेले असते तरी आत कोण सोडणार? गजूकाकांची पुतणी त्याच हॉस्पिटलात नर्स होती. हिनं ओळखीपाळखीतून तिचा नंबर मिळवला आणि तिनं पाच मिनिटं कबूल केली. काकांनी बोलायचं नाही, दम लागतो, एवढीच अट.

इकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. रेंज चांगली येते म्हणून आम्ही परसात गेलो. स्क्रीनवर उशी, मास्क आणि मास्कच्या वर दोन डोळे. "गजू," मामा म्हणाले, "तुले एक सांगायचं होतं." आणि त्यांचा आवाजच गेला. पाचातलं एक मिनिट असंच संपलं. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, घरात जाऊन हॉट प्रेसमधून ग्लोव्ह आणला आणि हिरवळीच्या टोकाला मागच्या भिंतीपाशी बसले. "मागं सरका, जावईबापू. अजून. त्याले मले दुरून पाह्यची सवय आहे." मी उलटा चालत चालत स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलो. आमचं परस तीस फुटांचं. मागचा कॅमेरा मामांवर धरला. आता स्क्रीनवरचे डोळे मलाच दिसत होते, मामांना नाही. "तो काय म्हणते ते तुम्ही सांगा," ते ओरडले.

त्यांनी ग्लोव्ह गुडघ्यापुढं धरला आणि मांड्यांच्या मधे एक बोट दाखवलं. ते मूर्तिजापूरचंही नव्हतं आणि भंडाऱ्याचंही नव्हतं, सरळ राहिलेलं एकमेव बोट. उशीवरची मान सावकाश डावीकडे गेली, उजवीकडे गेली. "नाही म्हणाले," मी ओरडलो. मामांनी पुन्हा एकच बोट दाखवलं. पुन्हा मान हलली. मास्कवर वाफ धरली होती. "मामा, नाही म्हणाले!" आता मामा कितीतरी वेळ तसेच बसले. ईरा दारात येऊन उभी राहिली होती. कुंपणापलीकडे डेक्लननं गवत कापायचं मशीन बंद केलं. मग ते भंडाऱ्याचं वाकडं बोट पहिल्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं. दोन बोटं.

उशीवरच्या डोळ्यांनी ती पाहिली. ते डोळे मिटले, उघडले, आणि मान खाली-वर झाली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. "हो म्हणाले," मी म्हटलं. मामांना ऐकू गेलं असावं. त्यांनी ग्लोव्ह वर केला, उघडा धरला आणि वाट बघत राहिले. तेवढ्यात पाच मिनिटं संपली. स्क्रीन काळी झाली तरी मी फोन तसाच धरून ठेवला. शेवटी मामांनी उठायचा प्रयत्न केला आणि त्यांना उठता येईना. त्या गुडघ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नकार दिला होता. मी पोचायच्या आत डेक्लन कुंपण ओलांडून आले. दोन मीटरचा नियम गल्लीत सगळ्यात कडक पाळणारा तो माणूस मामांच्या काखेत हात घालून म्हणाला, "अप यू कम, कोच," आणि त्यांना उभं केलं.

गजूकाका तीन आठवड्यांनी घरी आले. ही बातमी आली त्या दिवशी मामा परत फ्रिजला पाठ लावून बसले आणि आम्ही सगळे बिनदुधाचा चहा प्यालो, कारण त्यांना उठवायचं कुणाच्या जिवावर येईना. ऑगस्टात विमान मिळालं. जाताना त्यांनी ईराला मोज्यांचा एक बॉल करून दिला. डेक्लननं त्यांना स्लिटर दिला. तो त्यांनी ग्लोव्हमध्ये बसवून, पंच्यात गुंडाळून केबिन बॅगेत ठेवला. विमानतळावर मी काही बोलायचं ठरवून गेलो होतो. संसार, मीठ, फ्रेमिंग, सगळं. प्रत्यक्षात म्हणालो, "मामा, पोचल्यावर फोन करा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "समजलं बाप्पा, समजलं."

ते गेल्या-गेल्या पहिले धामणगावला गेले. त्या रविवारी त्यांचा फोन आला. समोर बसून सगळं सांगितलं म्हणाले, गाडीतल्या खिडकीपासून खुर्चीपर्यंत. मी विचारलं, "मग काय म्हणाले काका?"

"हसला. म्हणे, येड्या, तू दोन बोटं दाखवली असती तरी मी सरळच टाकला असता. मले वळवता कुठं येत होता?"

फोनवर अमरावतीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"खोटं बोलते लेकाचा," मामा म्हणाले. "वळायचा त्याचा बॉल. पार बाहेरून यायचा अन् शेवटच्या हातभर अंतरात असा आत वळायचा, जावईबापू, मी इतके पोट्टे पाहिले, तसा कोणाचाच वळला नाही." त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.

आमच्या परसात भिंतीपाशी दोन टाचांएवढ्या जागी अजून गवत आलेलं नाही. हिनं बी आणून ठेवलंय, मी ते पेरायचं रोज विसरतो. कधी दुपारी मीटिंग लवकर संपली की मी तिथं जाऊन तसाच बसतो. तिथून सगळं घर समोर दिसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ही असते, वर ईरा काचेला नाक लावून कसला तरी अभ्यास टाळत असते, आणि कुंपणावरून डेक्लन विचारतात, "एनी न्यूज ऑफ युअर मॅन?" तिघांचीही तोंडं माझ्याकडे असतात. दोन मिनिटांत माझ्या पायांना मुंग्या येतात आणि मी भिंतीला धरून उठतो.